टोपी, धरण आणि आर्डिस

धबधब्याच्या काठावर घातलेल्या मागणीला जगातली कुठलीही बाई नकार देऊ शकत नाही! हा माझा सिद्धांत. त्यात अडचण एकच: आमच्या धबधब्याचं सगळं पाणी वरचं धरण पिऊन टाकतं. उरतो तो नुसता खडक, माझ्या टकलासारखा.

पण त्या धरणाचे दरवाजे माझा दोस्त ऑर्विल चालवतो. म्हणाला, "मर्ल, शनिवारी थोडं पाणी सोडायचंच आहे. धबधब्यापाशी पोचलास की टोपी काढ. मी दुर्बिणीतून बघतो आणि सोडतो."

टोपी! मिसुरीकाठच्या आमच्या गावात टोपी डोक्यावर राहत नाही, वारा नेईल तिथे राहते. हे शेंबडं पोरही जाणतं. पण म्हातारपणी प्रेमात पडलेल्याला कोण सांगणार?

शनिवारी नदीकाठच्या वाटेने सायकली निघाल्या. जिला मागणी घालायची ती आर्डिस पुढे, मी मागे धापा टाकत. चर्चच्या जेवणावळीत तिच्या शेजारची खुर्ची पटकावण्यातच माझा निम्मा जन्म गेला होता, आणि आता ती लेकीकडे ॲरिझोनाला निघालेली, कायमची! आज नाही तर कधीच नाही.

पहिल्याच चढावर वाऱ्याने टोपी उडवली. लगेच धरणाचा पाणी सोडल्याचा भोंगा वाजला.

"अगबाई, आग लागली की काय?"

"पॅडल मारा! जोरात!"

"का?"

"पाणी!"

"मला तहान नाहीये!"

लांबून धबधबा नुसता गर्जत होता. आम्ही पोचलो तेव्हा खडकावरून चार थेंब ओघळत होते. गळका नळही याहून रुबाबदार!

"एवढ्यासाठी पळवलंत मला?" आर्डिस घाम पुसत म्हणाली.

मी तोंड उघडणार, तोच धरणावरचा कर्णा कडाडला, "मर्ल! हो म्हणाली का रे ती?"

खाली काठावर गळ टाकून बसलेली मंडळी माना वर करून बघायला लागली.

"कशाला हो म्हणायचं?" आर्डिसने विचारलं.

"लग्नाला," मी पुटपुटलो. "ॲरिझोनाला जाऊ नका. धबधबा... जरा मोठा असणार होता."

तिने त्या चार थेंबांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माझ्यासाठी धरण उघडायला लावलंत?"

"हो. जरा लवकरच उघडलं."

आर्डिस हसायला लागली ती थांबेचना! मग तोंडाशी हात धरून धरणाच्या दिशेने ओरडली, "मी हो म्हणाले!"

कर्ण्यातून ऑर्विल बेसूर गाऊ लागला. मी काठावर नाचलो, रडलो, ऑर्विलला साथसुद्धा दिली!

खालून एक गळवाला अदबीने म्हणाला, "आजोबा, अभिनंदन. आता जरा गप्प बसाल का? मासे पळतायत."