उजव्या अंगाचं वतन

सामना ऐन रंगात आलेला असताना छत्री उघडून मैदानात चालत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या गावचे अप्पाराव पटवारी. समोरून चेंडू घेऊन विरुद्ध संघातले छावणीवाले धावून येताहेत, आमचा विठू शेळके त्यांना अडवायला निघालाय, आणि अप्पा त्याच्या छातीसमोर छत्री आडवी धरून म्हणताहेत, "विठ्या, तुजी निमी पाळी सरली. आता जागा धाकट्याची. हो बाजूला." विठू मुकाट बाजूला झाला. धाकटा धोतराचा काचा मारीपर्यंत गोल झाला. गोलात मी उभा होतो, म्हणून गावानं शिव्या मला दिल्या.

त्याचं असं होतं, की विठूच्या बापाची संघात एक जागा होती. बाप वारला, तेव्हा अप्पांनी ती जागा दोघा भावांना आठ आठ आणे वाटून दिली. अर्धा सामना थोरल्याचा, अर्धा धाकट्याचा. दोघांत खेळता कुणाला येतं हा प्रश्न अप्पांच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. मी गावच्या शाळेचा मास्तर. मला ते म्हणायचे, "मास्तर, पाटीलकी बापाची लेकाला जाती. सुतारकी जाती, लोहारकी जाती. मग चेंडू लाथाडायची जागाच तेवढी बेवारस कावून ठेवायची?" याला उत्तर नव्हतं असं नाही. पण अप्पांना उत्तर द्यायचं म्हणजे संध्याकाळ वाया घालवायची.

मोमिनाबादची छावणी आमच्यापासून तीन कोसांवर. तिथला घोडदळाचा रिसाला केव्हाच उठला होता, पण पेन्शनीत निघालेले सवार आणि त्यांची मुलं तिथंच राहिली होती, आणि गोऱ्या साहेबांनी लावलेलं फुटबॉलचं वेडही राहिलं होतं. त्यांतला आमच्या गावचा एक दफेदार परत आला तो एक जुना चेंडू घेऊन. पहिल्या दिवशी गायरानात सगळं गाव गोळा झालं. अप्पा काखेत दप्तर मारून आले आणि त्या घटकेला जो जिथं उभा होता ती त्याची जागा म्हणून लिहून मोकळे झाले. सखाराम माळी बिचारा हरवलेली म्हैस बघत तिकडून चालला होता. त्याला डाव्या बगलेचं वतन मिळालं. "अप्पा, मी म्हशीपायी आलतो," असं तो सांगत राहिला. अप्पा म्हणाले, "म्हैस घावंल. तू अंगठा दे." सखाराम पुढं कित्येक वर्षं डावीकडं खेळला, आणि चेंडू आला की अंग चोरून त्याला वाट करून द्यायचा.

प्रत्येकाशी कौल, म्हणजे करार, लिहिलेला होता, आणि तो लिहायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं हे सांगायला नको. सामन्याला हजर राहीन, दुखणाईत पडलो तर घरचा माणूस पाठवीन, जागा विकणार नाही, गहाण टाकणार नाही. वारस लहान असेल तर तो मोठा होईपर्यंत त्याच्या वतीनं गुमास्ता, म्हणजे बदली माणूस, खेळेल. अकरापैकी दहा कौल मी माझ्या हातानं लिहिले. अकरावा माझा, तो कधी लिहिलाच गेला नाही. अप्पा म्हणायचे, "तुमी सरकारी मास्तर. आज हितं, उद्या आष्टीला. तुमाला आपलं तात्पुरतं धरलंय." आठ वर्षं मी तात्पुरता होतो. मला याचा राग होता आणि अजून आहे.

अप्पा एकटे होते. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घरात एक बाज, एक तवा, आणि बाकी सगळी दप्तरं. भाऊबंद दत्तक द्यायला पोरं घेऊन यायचे. अप्पा त्यांना पोटभर जेवू घालून परत लावून द्यायचे. जगाचे वारस धुंडाळणारा हा माणूस स्वतःचं काय करणार आहे, अशी गावात थट्टा चालायची. ती त्यांच्या कानावर जात असणार.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. दसऱ्याच्या आधी पहिला माणूस गेला आणि दिवाळीपर्यंत लाकडं पुरेनात. सकाळी ज्याला खांदा दिला त्याच्या घरी संध्याकाळी पुन्हा जायचं. मी शाळा बंद केली, कारण हजेरी घ्यायची मला भीती वाटायला लागली होती. आमच्या संघातले चौघे गेले. सखाराम माळी गेला. विठूचा धाकटा गेला. दफेदार गेला. आणि किसन लोहार गेला.

किसन उजव्या अंगाला खेळायचा. पहिल्या दिवशी तो तिथं उभा होता हे आमचं नशीब, कारण अकरा जणांत खरा खेळणारा तोच. ऐरणीवर घण घालून मांड्या दगडासारख्या झालेल्या. तो पुढं असला की मी गोलात पान लावून खायचो.

अप्पा दहाव्याच्या दिवशी प्रत्येकाच्या दारात जाऊन बसले. घरात रडारड चाललेली, आणि हे ओसरीवर दप्तर सोडून विचारताहेत, "डाव्या बगलेला वारस कोण?" माळ्याच्या म्हातारीनं तोंड फिरवलं. मला तर लाजच वाटली. वाटेत मी म्हणालो, "अप्पा, माणसाला काळीज असतं." ते म्हणाले, "आज न्हाई इचारलं तर उद्या दुसरंच कुणीतरी वारस हून बसतं." त्या वेळी मला तो निव्वळ हटवादीपणा वाटला.

किसनच्या दारात मात्र त्यांना विचारावं लागलं नाही. किसनचा धाकटा भाऊ नामा पुढं झाला. "लिव्हा माजं नाव. दादाला पोरबाळ न्हाई." आत किसनची बायको काशी बसलेली होती. सहावा महिना. तिचं माहेर परळीकडचं, आणि तिथंही साथीनं कुणी उरलं नव्हतं. नामानं तिला कालच सांगितलं होतं, तेरावा झाला की वाट धर. भट्टी एक आणि खाणारी तोंडं फार, असं त्याचं म्हणणं. नामा काही राक्षस नव्हता. त्या साली सगळेच तसे झाले होते.

भांडण चावडीवर गेलं. आमचे पाटील तोंडातलं पान न काढता निवाडा करणारे. ते म्हणाले, "एका माणसाचे दोन दोन वारस कुणी ठरवायचे? मैदानावर अप्पा ज्याला किसनचा वारस म्हनतील, भट्टी बी त्याचीच." सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी गाव हसलं होतं. पण पाटलाचा शब्द तो शब्द. उजव्या अंगाला कोण उभा राहणार यावर आता काशी गावात राहणार की रस्त्याला लागणार हे ठरायचं होतं.

अप्पांनी दप्तर बांधलं आणि म्हणाले, "वारस पोटात हाय. तवर जागा मोकळी."

संक्रांतीनंतर छावणीशी सामना होता. आम्ही दहा जणांवर सराव करत होतो. नामा चांगला खेळायचा, रोज मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायचा. गावात कुजबुज सुरू झाली, की म्हातारा हरवणार आपल्याला. त्या कुजबुजीत मीही होतो, खोटं कशाला सांगू. चौघे गेल्यावर गावाला एक तरी गोष्ट जिंकायची होती. मी अप्पांना सांगून पाहिलं, की नामाला निदान एका सामन्यापुरता घ्या, तात्पुरता, माझ्यासारखा. ते म्हणाले, "त्याला तात्पुरता घेतला की काशी कायमची गेली, मास्तर."

सामन्याच्या आठ दिवस आधी काशी बाळंत झाली. मुलगी झाली. नामा त्याच दुपारी चावडीवर हजर. "आता तरी लिव्हा. का पोरीला खेळवता चेंडू?"

अप्पांनी शाई मागवली. सगळ्यांदेखत उजव्या अंगाच्या जागेपुढं त्या मुलीचं नाव लिहिलं. नाव अजून ठेवलेलंच नव्हतं, म्हणून "किसनची लेक" एवढंच. लेकीला वतन कसं चालेल, असं विठूनं विचारलं, तर म्हणाले, "मी लिव्हलंय म्हनून चालंल. पोरगी लहान हाय, तवर गुमास्ता खेळंल." गुमास्ता कोण, हे मात्र कुणी पुढं होऊन सांगेना. नामाशी वैर कोण घेणार? पेरणीला फाळ त्याच्याकडूनच पाजवून घ्यायचा. अप्पा एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले. माझ्याकडंही बघितलं. मी गोलातला, मला जागा सोडता येत नाही असं मी स्वतःला सांगितलं आणि खाली बघितलं.

"बरं," ते म्हणाले, "गुमास्ता मी."

सामन्याच्या दिवशी साठीचे अप्पा धोतर खोचून, छत्री माझ्या गोलामागं ठेवून, किसनच्या जागेवर जाऊन उभे राहिले. छावणीवाले पोट धरून हसले. आमचे लोक हसले नाहीत, त्यांनी सरळ शिव्या दिल्या. काशी बाळाला घेऊन लांब बाभळीखाली बसली होती. छावणीवाल्यांना वाट सापडली होती. प्रत्येक चेंडू उजवीकडूनच येत होता, आणि अप्पा प्रत्येक चेंडूच्या मागं धावत होते. चौथा गोल झाला तेव्हा कुणाचा तरी खांदा लागून ते माझ्यासमोर आडवे पडले. गुडघा फुटला होता. मी धावत गेलो. माझा राग उतू चालला होता. "अप्पा, बास झालं. कुणासाठी करताय हे? ती काय तुमच्या नात्याची आहे?"

ते मातीतच बसून राहिले. दम लागला होता. तुटक तुटक बोलले.

"ही पटवारकी माझी न्हाई, मास्तर. थोरल्या भावाची. तो पटकीनं गेला, तवा वहिनीला पाचवा म्हैना होता. साऱ्यांनी मला म्हनलं, तूच वारस. मी हो म्हनलं. वहिनीच्या पोटात काय हाय, हे कुनी इचारलं न्हाई. मी बी न्हाई. माहेरच्या गाडीत बसताना वहिनी म्हनली, भावजी, जेवनखान येळंवर करा. एवढंच."

"मग?"

"पोरगा झाला म्हनं. कुठं हाय, कसा हाय, मी कदी चवकशी केली न्हाई. घावला असता तर दप्तर द्यावं लागलं असतं. आज तुमच्या वयाचा असंल."

पंचानं शिट्टी वाजवली. मी म्हणालो, अप्पा, तुम्ही गोलात बसा, मी उजवीकडं जातो. त्यांनी मान हलवली. हात पुढं केला, मी धरून उठवलं. गुडघ्यातून रक्त येत होतं. बाभळीकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. लंगडत जाऊन ते पुन्हा किसनच्या जागेवर उभे राहिले.