जोगळेकरांचे रविवारचे प्रश्न

आमचे शेजारी जोगळेकर भाजी आणायलासुद्धा छातीवर बीकन बांधून जातात. बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र. आमच्या चेरीवूड या आयरिश उपनगरात बर्फ पडलाच तर चहा गाळेपर्यंत वितळतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "मान्य. पण सवय हवी," म्हणाले.

समोरची आयरिश आजी रोज विचारते, "एनी अ‍ॅव्हलांच टुडे, लव्ह?" जोगळेकर गंभीरपणे सांगतात, "नॉट येट."

दिवाळीत आम्हाला फराळाला बोलावलं आणि दुसरं बीकन घरात लपवून ठेवलं. "पंधरा मिनिटं! त्यापुढे गाडलेल्याचं काही खरं नाही." आम्ही नऊ जण, सगळे आयटीवाले, हातात चकली घेऊन बीप ऐकत घरभर फिरलो. ते निघालं चिवड्याच्या डब्यात. काकू ओरडल्या, "अहो, चिवडा मऊ पडेल!"

"आधी माणूस, मग चिवडा."

बर्फाचे थर कसे घसरतात, हेही त्यांनी मला दाखवलंय. ताटात साखर, वर पीठ. ताट तिरकं केल्यावर सगळं माझ्या मांडीवर. स्वतः मात्र आयुष्यात कधी स्की पायाला लावलेली नाही.

शेवटी मी विचारलंच, हे खूळ आलं कुठून?

"मुक्तामुळे," ते म्हणाले. त्यांची मुलगी चांगली नोकरी सोडून आल्प्समधल्या एका स्की रिसॉर्टवर गस्तीला गेलीय. सकाळी सुरुंग लावून धोक्याचा बर्फ आधीच पाडायचा, मग लोकांना उतारावर सोडायचं. "तेव्हा मी नको ते बोललो. दोन वर्षं तिनं फोन उचलला नाही. मग मेसेज केला, बीकन कसं चालतं गं? लगेच फोन आला. चाळीस मिनिटं बोलली! तेव्हापासून दर रविवारी एक प्रश्न काढतो."

"आता तर तुम्हाला सगळं येतं."

"येतं हो. तिला सांगू नका." मग हळूच म्हणाले, "पण प्रश्न संपत आलेत. मग काय बोलू?"

मला वाईट वाटलं.

गेल्या रविवारी मी तिथेच होतो. ते वही उघडून प्रश्न शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला. मुक्ताचा, आपणहून!

"बाबा, क्विक वन. द होल टीम वॉन्ट्स पोहे. हाऊ लाँग डू आय सोक देम?"

जोगळेकरांनी जन्मात पोहे केलेले नाहीत, फक्त खाल्लेत. काकूंनी फोनसाठी हात पुढे केला. जोगळेकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, चष्म्याखालून डोळे पुसले.

"भिजवायचे नाहीत बाळा, नुसते धुवायचे. पण घाई नको. आधी सांग, माणसं किती?"