कुशीवर वळणारा मॉनिटर

सांगलीच्या दुकानात, भर दुपारच्या गर्दीत, फरशीवर डाव्या कुशीवर आडवा होऊन कॉम्प्युटरचा मॉनिटर पारखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिनकरमामा. पलूसला आमच्या भिंतीला भिंत लागून घर. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. वय बासष्ट, मिशी अजून नोकरीत.

मला सोबत नेलं ते माझ्या पत्रकांमुळे. 'ग्राहका, खोक्यावरची बारीक अक्षरं वाच' हे पत्रक मी एसटी स्टँडवर वाटते. मामांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चल पुढारीणबाई. लेकीनं जुना कॉम्प्युटर धाडलाय, पडदा तेवढा न्हाई. गेम, पिक्चर आन रोजची कामं, तिन्हीला एकच पायजे. पेन्शनीत एकदाच जमणार. चुकला तर जल्मात दुसरा न्हाई."

रोजची कामं म्हणजे वीजबिल आणि सातबारा. ती मी समजू शकते. पण गेम? शारदामामी गोठ्यात घसरून पडल्या, कंबर गेली, दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्यात, आणि यांना गेम सुचतात. मी हे मनात ठेवलं. मनात ठेवायची मला सवय नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

तीन रविवारी सहा दुकानं झाली. प्रत्येक दुकानात तोच नेम. खिशातून पेन ड्राइव्ह निघे. त्यात एकच फोटो, मामांच्या स्वतःच्या उसाचा. "लाव पडद्यावर," दुकानदाराला हुकूम. मग चष्मा पुसून निकाल. "पिवळा दिसतोय रं. ह्यो बगितला की मला युरिया टाकावासा वाटतोय. दुसरा दाव."

एकाने गोलाईचा मॉनिटर काढला. गेमिंगला हाच, म्हणाला.

"वाकडा का हाय? ट्रॅक्टरखाली घावला व्हता काय?"

"कर्व्ह आहे काका. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ. लय फास्ट."

"माझ्या ट्रकला घाटात वीसच्या वर न्यायची बंदी व्हती गड्या. मला फास्ट काय सांगतूस?"

इथे मी पुढे सरसावले. हर्ट्झ म्हणजे काय, हे खोक्यावर मराठीत का नाही? पन्नास टक्के सूट, पण सूट देण्याआधीची किंमत कुणी ठरवली? दुकानदाराने पंखा वाढवला. तेवढ्यात मामा गायब. खाली बघते तर डाव्या कुशीवर, उशाला माझी पत्रकांची पिशवी.

"मामा, उठा आवं. लोक बघतायत."

"बगू देत. खिलार खोंड घेताना समोरनं कोण बगतंय? समोरनं समदीच देखणी. बाजूनं बगावं, खालनं बगावं." मग दुकानदाराला, "ह्यो कुशीवर वळतोय का?"

"काय?"

"पडदा, पडदा. आडव्याचा उभा हुतोय का?"

होत नव्हता. मामा उठले, विजार झटकली, "न्हाई म्हंजे न्हाई," आणि बाहेर.

सहाव्या दुकानात सापडला. ऊस हिरवागार. कुशीवरूनही हिरवागार. आणि दांड्यावर तो अख्खा मॉनिटर गर्रकन वळला. मामा फरशीवरूनच म्हणाले, "बांध." दुकानदाराने देवाला हात जोडले.

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर घेऊन मामा तान्हं पोर सांभाळावं तसे बसले होते. माझं मनात ठेवलेलं तिथे बाहेर पडलं. "मामी एकट्या पडून असतात आणि तुम्ही गेम खेळणार. लाज नाही वाटत?" पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळले.

मामांनी खोकं जरा जवळ ओढलं. "लय भारी बोलतीस पोरी. पत्रकात घाल."

घरी मामी खाटेवर डाव्या कुशीवर होत्या. उजवीवर वळलं की कळ येते, पाठीवर तर झोपवतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. भिंतीला भिंत असून, तीन महिन्यांनी. मामांनी मॉनिटर खाटेसमोर मांडला, तारा जोडल्या, आणि आडव्याचा उभा केला. चित्रही पडद्याबरोबर वळलं, आडवं पडलं. डोंगर कुशीवर, रस्ता कुशीवर. स्वतः स्टुलावर बसले, मान डाव्या खांद्यावर टाकली आणि ट्रकचा गेम सुरू केला. बर्फाचा घाट होता.

"नोकरीत असताना ही म्हणायची, एकदा मला तुमचा बर्फाचा घाट दावा. म्या म्हणायचो, औंदा न्हाई, पुढल्या साली," मामा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "उशीवर डोकं ठिवून सरळ दिसतोय का गं?"

"दिसतोय. हळू घ्या, म्होरं वळण हाय."

"व्हय साहेब."

"आन हारन वाजवा की."

मामांनी हॉर्न वाजवला. मामी हसल्या, कंबरेला लागेल म्हणून जपून.

मी दारातच उभी होते. माफीचं पत्रक कसं लिहितात ते मला येत नाही. पिशवी खाली ठेवली, मान डाव्या खांद्यावर टाकली. तेव्हा कुठे घाट सरळ दिसला.