मानाची नळी

"भोपाळला? आणि मी? ही मोटार चालतेय तोवर नाव काढू नका!" रघुनाथरावांनी जाहीर करून टाकलं.

संस्थान होतं तेव्हा ते दरबारच्या मोटारखान्याचे कारभारी होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना आटपला, आणि मोडीत काढलेली एक जुनी मोटार तेवढी त्यांच्या दौलतगंजमधल्या घराच्या दारात येऊन राहिली. आता नव्या प्रांताची राजधानी भोपाळला झाली. तिच्या मागोमाग मुलगा श्रीपादचं ऑफिसही निघालं. सूनबाई निघाल्या, नातू निघाला, नातवापायी अनसूयाबाईंनीसुद्धा ट्रंक भरली. रघुनाथराव एकटे मागे राहणार म्हणून घरात कुणाला घास गोड लागेना.

शेवटी श्रीपादनं तोड काढली. "बाबा, शर्त लावू. आम्हाला या मोटारीतून स्टेशनला नीट पोचवलंत, तर आरामात राहा इथे. नाही पोचवलंत, तर चुपचाप आमच्याबरोबर चलायचं. मंजूर?"

"मंजूर!"

अडचण ब्रेकची होती. पुढची चाकं थांबत, मागची ऐकत नसत. रघुनाथरावांनी किला गेटच्या कबाड्याच्या भंगारातून लष्करी ट्रकचा जुना व्हॉल्व्ह आणला. ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारी पितळी वस्तू ती! एका तोंडातून जोर जास्त, दुसऱ्यातून कमी. मग जास्तीचा कुणाला द्यायचा?

यात विचार कसला? पुढे बसतो ड्रायव्हर, मागे बसतात सरकार! मागची सीट पुसल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत कुणाला पुढच्या सीटला फडकं लावू दिलं नव्हतं. जास्त जोराची नळी त्यांनी अदबीनं मागच्या चाकांना जोडली.

"एक बार चालवून तरी बघा," अनसूयाबाई म्हणाल्या.

"दरबारची गाडी आहे ही! तिची परीक्षा घ्यायची?"

निघायच्या दिवशी मोटार फूलबागेपर्यंत अशी ऐटीत गेली की श्रीपादचा चेहरा पडला. तेवढ्यात एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. रघुनाथरावांनी ब्रेक दाबला.

आता ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून जोर पुढेच जास्त लागतो. इथे मागची चाकं जाम झाली, गाडीचं बूड घसरलं आणि मोटारीनं भररस्त्यात गर्रकन गिरकी घेतली! थांबली तेव्हा तिचं तोंड दौलतगंजकडे होतं. म्हैस जागची हलली नव्हती.

"हाय राम! कुणाला लागलं तर नाही?" सूनबाई ओरडल्या.

कुणालाच लागलं नव्हतं. पण रघुनाथरावांनी स्टिअरिंग सोडून आधी मागे वळून पाहिलं. नातू मागे बसलाय, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

मागची चाकं काही सुटेनात, तेव्हा टांग्यातून सगळे स्टेशनवर पोचले. 'हरलात, चला आता' असं श्रीपाद कधी म्हणतो याची रघुनाथराव वाट बघत उभे राहिले. श्रीपाद पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, मोटार थांबली तर खरी. शर्त तुम्हीच जिंकलात. आरामात राहा."

मुलानं बापाची लाज राखली. बाप मात्र रडकुंडीला आला. 'मलाही न्या' असं तोंड उघडून सांगायची त्यांना कधी सवयच नव्हती. शिटी झाली. गाडी हलली.

"अरे श्रीपाद, हरलो की मी!" रघुनाथराव डब्याबरोबर धावत ओरडले. "साफ हरलो! दिसत नाही का तुम्हा लोकांना?"

अनसूयाबाईंनी दारातून हात पुढे केला. "एवढं बोलायला इतका वेळ? चढा आधी!"

रघुनाथराव चढले. बाकावर टेकले, डोळे पुसले, आणि एकदम दचकून उठले. "अहो, मोटार तिथेच राहिली!"

"राहू दे," अनसूयाबाई म्हणाल्या. "जाते कुठे? ब्रेक तर पक्के लागलेत!"