बाहेरून लावलेलं कुलूप

"तू निर्धास्त जा. घर मी सांभाळतो. त्यात काय एवढं!" मी बायकोला छाती ठोकून सांगितलं, तेव्हा ती गणवेशाच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. बसचालक म्हणून आज तिची परीक्षा! शेजारी तपासनीस बसणार, फेरी वेळेत आणि धडपणे पार पडली की नोकरी पक्की. यासाठी तिने भाजी चिरता चिरता रहदारीचे नियम पाठ केले होते. माझ्या आईने मात्र "बाईमाणसाने बस हाकायची? आणि घराचं काय?" म्हणून महिनाभर तोंड फुगवलं होतं.

ती गेली. मी लेकीला शाळेसाठी तयार केलं आणि दार ओढलं. उघडेना! बायको सवयीने बाहेरून कुलूप लावून गेली होती. एकुलती एक चावी तिच्या खिशात!

"असं कसं केलं हिने?" मी ओरडलो.

"कसं म्हणजे?" आई म्हणाली. "आपल्याला घरात ठेवून ती एकटी कधी बाहेर पडलीये? सगळ्यांना बाहेर काढायचं आणि कुलूप लावायचं, हाताला तीच सवय!"

मी फोन उचलला, तर आईने तो हिसकावून घेतला.

"खबरदार! चालवताना फोन वाजला तर नापास करतील पोरीला!"

महिनाभर फुगलेली आई ती हीच का?

पण मीही काही कमी नाही. तिच्या फेरीतला एक थांबा आमच्याच गॅलरीखाली आहे. मी दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली आणि तिचं लक्ष जावं म्हणून लाल चादर हलवू लागलो. झालं! "अहो, उडी मारू नका!" खालून भाजीवाली किंचाळली. तिचं ऐकून कुणीतरी "आग! आग!" केलं. बघता बघता रस्ता तुंबला आणि नेमकी बायकोची बस त्या गर्दीत अडकली! आता फेरी चुकणार, नोकरी जाणार, आणि तीही माझ्या चादरीपायी!

"अगं, कुलूप! चावी!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

तिने वर पाहिलं, कपाळावर हात मारला. पण चालकाने जागा सोडायची नाही! तिने चावी मागे दिली. प्रवाशांच्या हातोहात ती दारापर्यंत आली आणि कंडक्टरने पिशवीत टाकली. मग बायकोने असा काही हॉर्न दिला की गर्दी आपोआप बाजूला झाली. ते एवढं मोठं धूड तिने हातगाड्यांमधून अलगद बाहेर काढलं, कुठे ओरखडासुद्धा नाही! अहो, काय सांगू, माझा ऊर भरून आला.

"ती चालवतेय ना, ती माझी सून!" आई कठड्यावरून अख्ख्या रस्त्याला सांगत होती. "अहो तपासनीस, पास ना?"

बसच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. अंगठा वर!

मी ऐटीत पिशवी वर ओढली आणि चावी उंचावली. "पाहिलंत? घर असं सांभाळतात!"

लेक दप्तर पाठीला लावून दारापाशी उभी होती.

"पण बाबा," ती म्हणाली, "कुलूप बाहेर आहे ना?"

मी गुपचूप पिशवी पुन्हा खाली सोडली.