मॅनेजरच्या अंगावरची चरबी

भाऊजी स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने खुर्ची ओढून बसावं हे उत्तम, कारण ती ओळख उभ्याउभ्या संपत नसे.

"मी माणसाकडे पाहत नाही," ते सुरुवात करत, "माणसातून पाहतो. समोरचा खरं बोलत असेल तर मला कळतं. खोटं बोलत असेल तर त्याच्या आधी कळतं. आणि गप्प बसला असेल तर तो काय म्हणाला हे मी त्याला सांगू शकतो. उभी हयात मी इन्स्पेक्टर म्हणून काढली."

कसले इन्स्पेक्टर, ते मात्र सांगत नसत. ते वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, शिक्के मारायचे आणि मापात पाप शोधायचं, ही नोकरी. निवृत्तीनंतर तराजू सुटले, पाप शोधायची खोड राहिली.

मामाला ही ओळख तोंडपाठ होती. मामा म्हणजे भाऊजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. भाऊजींच्या मुलांचा मामा, म्हणून हळूहळू साऱ्या गल्लीचाच मामा झालेला. धंद्याने शिंपी. त्याच्या दुकानात, बटणं-दोऱ्यांच्या कपाटाला लागून, भाऊजींनी एक टेबल टाकलं होतं आणि त्याला ते 'कार्यालय' म्हणत. भाड्याच्या बदल्यात मामाला सहायकाचं पद मिळालं होतं. त्या पदाला पगार नव्हता, पण अपमान अगदी वेळेवर मिळत.

त्या कार्यालयात एके दिवशी समोरचा लॉन्ड्रीवाला आला आणि त्याने टेबलावर एका बँडमास्तरची विजार पसरली. विजारीला जिथे भोक नसावं नेमकं तिथे भोक होतं. उंदरांचं काम, तो म्हणाला. पण तक्रार उंदरांविरुद्ध नव्हती, बोक्याविरुद्ध होती.

बोक्याचं नाव मॅनेजर, कारण तो दिवसभर काउंटरवर बसून दुसऱ्यांना काम करताना बघत असे. पूर्वी रात्रपाळी तरी चोख करायचा, लॉन्ड्रीत उंदीर औषधालाही सापडत नसे. पण गेल्या काही महिन्यांत तो असा काही फुगला होता की आता उंदीर त्याच्या अंगावरूनच जात, उगाच वळसा नको म्हणून. लॉन्ड्रीवाला त्याला एकवेळचं दूध घाली, तेही पाण्याशी जुनी ओळख असलेलं. मग हे अंग आलं कुठून?

बँडमास्तर चिडून गेला होता. आणखी दोन गिऱ्हाइकं अशी गेली तर बोक्याला गावी बहिणीकडे धाडून उंदीर पकडणारं दुसरं मांजर आणावं लागणार होतं. हे सांगताना लॉन्ड्रीवाल्याचा आवाज जरा ओला झाला. बायको गेल्यापासून त्याच्या घरात श्वास घेणारं असं ते एकच होतं.

भाऊजींनी डोळे मिटले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली आणि बोलले, "केस सोपी आहे. ती गाभण आहे."

"भाऊजी, तो बोका आहे," मामा म्हणाला.

"हेच तर आपल्यापासून लपवलं जातंय."

सहायकाने आरोपीचं माप घ्यावं असं ठरलं. मामाने टेप काढली. आजवर त्याने वऱ्हाडी, वकील आणि एक सर्कशीतला पहिलवानसुद्धा मापला होता, पण कुणी टेप दातांत धरून झोपी गेलं नव्हतं. पोटाचा घेर जेमतेम आला. गाभणपणाचा सिद्धांत मात्र शेपटीखाली एकदा नजर टाकताच मागे घ्यावा लागला.

दुसरा सिद्धांत वाफेचा. दिवसभर इस्त्रीजवळ बसून वाफ अंगात मुरते आणि जनावर पुरीसारखं फुगतं, असं भाऊजींनी जाहीर केलं. लॉन्ड्रीवाल्याने नम्रपणे विचारलं, की मी तिथेच तीस वर्षं उभा आहे, मग मी असा काडीसारखा का? भाऊजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हा प्रश्न तपासाच्या कक्षेबाहेरचा ठरवला.

तिसरा सिद्धांत जोरदार होता. पलीकडच्या रस्त्यावर नवी लॉन्ड्री निघाली होती. तिचा मालक बोक्याला लाच म्हणून खाऊ घालतो, बोका सुस्तावतो, उंदीर माजतात आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. डाव असा बेमालूम होता की खुद्द मामालाही क्षणभर पटला. भाऊजी गिऱ्हाइकाच्या वेषात, म्हणजे नेहमीच्याच कपड्यांत पण चष्मा काढून, आपला लग्नातला कोट घेऊन तिकडे गेले. कोट इतका झकास इस्त्री होऊन आला की घरचे सगळे कपडे त्यांनी तिकडेच टाकायला सुरुवात केली. आपल्या लॉन्ड्रीवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने मामाकडे पाहिलं. मामाने सुईत दोरा ओवायला घेतला, जो आधीच ओवलेला होता.

शेवटी बोक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, म्हणजे चाचपायचा प्रयत्न केला, आणि सांगितलं की ही चरबी आहे, शुद्ध चरबी. कुणीतरी याला रोज लोणी, अंडी, मासे असं चांगलंचुंगलं खाऊ घालतंय. "मला कुणी घालत नाही असं," असंही ते हळूच म्हणाले.

आता इथे भाऊजींच्या घरचं थोडं सांगायला हवं. घरात भाऊजी, मामाची ताई आणि दोन मुलं. थोरला जहाजाच्या कंपनीत हिशेबनीस. धाकटीला सगळे मासोळी म्हणत, कारण चालायच्या आधी ती पोहायला शिकली अशी घरात दंतकथा होती. ती लॉन्ड्रीच्या शेजारच्या वाचनालयात कामाला होती. बहीण-भाऊ दोघंही पहाटे तलावावर जात आणि क्लबाच्या शर्यतीत उतरत.

तलावावर एक यंत्र आलं होतं. त्यावर अनवाणी उभं राहिलं की अंगात चरबी किती टक्के ते दिसायचं. थोरल्याचे आले अकरा. हा आकडा त्याने घरात इतक्या वेळा सांगितला की दूधवाल्यालाही पाठ झाला. मासोळीचे आले बावीस. "माझ्या बरोब्बर दुप्पट," थोरला हसून म्हणाला होता. सगळेच हसले होते. मासोळीही.

त्यानंतर ती दोन्ही वेळ पोहायला जाऊ लागली. भाऊजींना केवढा अभिमान. मामाने तिचे कपडे एकदा आत घेतले, मग पुन्हा घेतले, आणि दर वेळी कौतुकाने म्हणाला की छान बारीक झालीस हं. उकाड्यातही ती स्वेटर घालून बसायची. पोहण्यातली तिची वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडत होती. साध्या बोलण्यावरूनही ती खेकसायची. ताई म्हणे, पोरगी ओढल्यासारखी दिसते. भाऊजी म्हणत, ते व्यायामाचं तेज आहे. खेकसण्याचं कारण त्यांनी प्रेमप्रकरण असं काढलं आणि दोन दिवस वाचनालयातल्या एका निवृत्त मास्तरांवर पाळत ठेवली.

डॉक्टरांच्या निदानानंतर पाळत लॉन्ड्रीवर आली. भाऊजी आणि मामा दुपारभर वाळत घातलेल्या चादरींमागे उभे राहिले. खळीच्या वासाने भाऊजींना शिंका आल्या. एका चादरीत नाक पुसलं गेलं आणि ती पुन्हा धुवावी लागली. इतक्यात जेवणाच्या सुट्टीत मासोळी डबा घेऊन आली. ती नेहमी लॉन्ड्रीच्या मागच्या पायरीवर बसून जेवायची.

भाऊजींच्या डोक्यात वीज चमकली. मागची बाजू तर उघडीच होती. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, की गुन्हेगार मागून येत असणार, तेव्हा तू रोज जेवायला तिथेच बस, बोक्यावरची नजर हलवू नकोस आणि कुणी खायला घालताना दिसलं की मला कळव. मासोळीने एकदा बापाकडे आणि एकदा बोक्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली.

आठवडाभर तिने इमानेइतबारे पहारा दिला. रोज कळवलं की कुणीच आलं नाही. बोका तेवढ्यात आणखी अंगाने भरला.

"म्हणजे गुन्हेगार अदृश्य आहे," भाऊजी म्हणाले. मग थोडा विचार करून, "किंवा आनुवंशिक."

अखेर त्यांनी सगळ्यांना संध्याकाळी घरी बोलावलं. रहस्याचा उलगडा भरल्या बैठकीत करायचा असतो असा त्यांचा दंडक होता. लॉन्ड्रीवाला कोचाच्या कडेवर बसला, मामा आणि थोरला खुर्च्यांवर. मासोळी आत पडून होती. सकाळी पाण्यात तिच्या पायात गोळा आला होता, ओठ निळे पडले होते आणि पोहण्याच्या शिक्षिकेने तिला हाताला धरून काठावर काढलं होतं. थकली असेल, सगळे म्हणाले.

भाऊजी खोलीत येरझारा घालत सांगू लागले की गुन्हेगार याच खोलीत आहे. लॉन्ड्रीवाला झोपेत उठतो, झोपेत लोणी आणतो आणि झोपेत बोक्याला भरवतो. लॉन्ड्रीवाल्याने तोंड उघडलं, पण ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली म्हणून मिटलं. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. एरवी मासोळी स्वतःचा डबा स्वतः घासायची, आज निजली म्हणून ताईने घेतला होता.

"हे बघा," ताईने डबा पुढे केला. आत अन्नाचा कण नव्हता, पण कडेला केस चिकटले होते.

भाऊजींनी भिंग लावलं. "आखूड. करडे. गुन्हेगार वयस्कर आहे आणि नुकताच न्हाव्याकडे जाऊन आलाय."

"बोक्याचे आहेत," ताई म्हणाली.

मामाला एकदम मासोळीचा तो कमरेत आत घेतलेला झगा आठवला. टाचण्या त्याच्या हातांनी लावल्या होत्या, दोनदा, आणि वर शाबासकीही दिली होती. बोक्याच्या अंगावरचं लोणी कुणाच्या अंगावरून उतरलं होतं, ते आपण टेपने मोजत होतो आणि आपल्याला कळलं नव्हतं.

मासोळी दारात येऊन उभी होती, स्वेटरसकट.

"माझे आता तेरा आलेत," ती म्हणाली. "अजून दोनच कमी करायचे होते."

"कशासाठी?" ताईने विचारलं.

तिने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने जमिनीकडे.

पुढचं ती आईला आत नेऊन बोलली. बाहेर कळलं ते एवढंच की ताई दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे, आणि चार महिने लेकीची पाळी आलेली नाही हे आपल्याला कळू नये याबद्दल ती आधी स्वतःवर आणि मग सगळ्या घरावर रागावली आहे.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर मासोळीनेच सगळ्यांना आत बोलवायला सांगितलं. विशेषतः थोरल्याला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की चरबी म्हणजे नुसता फालतू बोजा नव्हे. बाईचं शरीर नीट चालायलाच दहा ते तेरा टक्के लागते, पुरुषाला दोन ते पाचात भागतं. भरपूर व्यायाम करणाऱ्या बाईची साधारण चौदा ते वीस असते, आणि विसाच्या थोडी वर असली तरी ती ठणठणीत. म्हणजे हिच्या बाविसात खोट काहीच नव्हती. श्रम दुप्पट आणि खाणं निम्मं केल्यावर शरीराने एकेक दिवा मालवत आणला. पाळी थांबली, थंडी वाजायला लागली. असंच चाललं असतं तर पुढे हाडं ठिसूळ झाली असती. शिवाय ते यंत्र. पोटभर पाणी पिऊन उभं राहिलं तरी त्याचा आकडा हलतो.

"भावाचे अकरा आणि तुझे बावीस," त्या मासोळीला म्हणाल्या, "हे एका मापाने मोजायचे आकडेच नाहीत."

भाऊजी खुर्चीवर हळूच बसले. हयातभर त्यांनी दुकानदारांना चुकीची वजनं वापरल्याबद्दल दंड केला होता. घरात कुणाला कुठल्या वजनाने तोललं जातंय, हे मात्र त्यांनी कधी तपासलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत. मामाच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

थोरला बाहेर आल्यावर बहिणीला म्हणाला, की मी मूर्ख आहे. ती म्हणाली, हे यंत्रावर उभं न राहताही दिसतं. मग दोघं जवळच्या बेकरीत गेली आणि बराच वेळ आली नाहीत.

पुढे काही आठवडे मासोळीचं पोहणं कमी आणि जेवण जास्त, असा हुकूम होता. आधी घास तोंडात फिरायचा, ताई समोर बसून राहायची. हळूहळू स्वेटर खुंटीला गेला. बोका लोण्याविना महिनाभर साऱ्या गल्लीशी अबोला धरून होता, मग एका रात्री भुकेपोटी त्याला आपला धंदा आठवला आणि बँडमास्तरची नवी विजार शाबूत राहिली. तेवढ्यात भाऊजींचीही वाचा परत आली. त्यांनी लॉन्ड्रीवाल्याला ऐकवलं की गुन्हेगाराला गुन्ह्याच्या जागीच पहाऱ्याला बसवणं ही त्यांची मुद्दाम आखलेली चाल होती. लॉन्ड्रीवाल्याने आभार मानले, आणि कपडे परत इकडे टाकाल का असं विचारलं.

एका सकाळी मामा मासोळीचे उसवून सैल केलेले कपडे घेऊन ताईकडे गेला. सगळे नाश्त्याला बसले होते. ताई गुणगुणत होती. मासोळी पावाला लोणी लावत होती आणि दोघींची नजरानजर झाली की हसू दाबत होती. ताईने मामाला चहा देताना नुसती मान हलवली, आणि मामाला कळलं, मालवलेला दिवा पुन्हा लागला होता. बहिणीबरोबर वाढलेल्या माणसाला एवढं कळतं. त्याने कप तोंडाला लावला, कारण डोळे लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि एकेकीला निरखलं.

"या घरात काहीतरी घडलंय," ते म्हणाले. "माझ्या नजरेतून सुटत नाही. पाहुणे येणार आहेत."

"नाही," ताई म्हणाली.

"नोकरीत बढती."

"नाही हो."

"मग तुम्ही दोघी माझ्यापासून काहीतरी लपवताय."

"हो," ताई म्हणाली, आणि तिने लेकीच्या ताटलीत आणखी एक अंडं वाढलं.

भाऊजी विजयाने खुर्चीत मागे रेलले. "बघ मामा," ते म्हणाले, "कसं ओळखलं."