व्याह्यांसाठी पिलपिल

"तुम्ही फक्त पाव आणा, व्याहीबुवा! बाकी सगळं माझ्यावर सोडा," असं कोल्डोनं फोनवर ठणकावून सांगितलं आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचा पाया घातला.

कोल्डोची एकुलती एक मुलगी इदोया सान सेबास्तियानला नर्स होती आणि तिनं तिथलाच मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला, घरही चांगलं. कोल्डोचा आक्षेप फक्त गावावर होता. बिल्बाओच्या माणसानं आपली पोर सान सेबास्तियानमध्ये द्यायची म्हणजे काय! ती मंडळी स्वतःला स्वयंपाकातले राजे समजतात. तेव्हा होणारे व्याही आन्चोन यांना पहिल्याच भेटीत खारवलेल्या कॉड माशाचं पिलपिल खिलवायचं आणि बिल्बाओ काय चीज आहे ते दाखवून द्यायचं, असा त्याचा बेत होता. बायको मार्गा दोन दिवस आधीच मुलीकडे गेली. जाताना बजावून गेली, "तिथे येऊन बढाया मारू नकोस. पोरीचं जमत आलंय."

"बढाई? मी? जे खरं आहे तेच बोलतो मी."

शनिवारी सकाळी शाळेपासूनचे दोन दोस्त, फेर्मिन आणि चेमा, त्याला घ्यायला आले. दोघांना व्याह्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना दोन दिवस समुद्रकाठी चरायचं होतं. कोल्डोनं गाडीत परातीएवढं मातीचं भांडं ठेवलं, भिजत घातलेल्या माशाचा डबा ठेवला आणि वर पाण्याचे दोन कॅन चढवले.

"पाणी कशाला रे?" चेमानं विचारलं.

"मासा उद्यापर्यंत भिजायचाय. त्याचं पाणी बदलावं लागतं. तिथल्या पाण्यावर आपला भरवसा नाही."

सान सेबास्तियानला पोचून शनिवारभर तिघं बारमागून बार हिंडले. एका ठिकाणी मशरूम, दुसऱ्या ठिकाणी अँचोव्ही मासे, तिसऱ्या ठिकाणी खेकडा. एका बारमध्ये एकच पदार्थ खायचा आणि पुढे सरकायचं, ही तिथली रीत. कोल्डो मात्र प्रत्येक ठिकाणी दोनदा घ्यायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे."

"ठीक आहे, तर तिसऱ्यांदा कशाला मागतोयस, कोल्ड्या?" फेर्मिन म्हणाला.

"खात्री करून घेतोय."

रविवारी आन्चोन यांच्या मंडळात जेवण होतं. जुन्या गावात अशी खवय्यांची मंडळं गल्लोगल्ली आहेत. सभासद येतात, सामाईक शेगड्यांवर आपापलं रांधतात आणि आपापल्या टेबलावर पाहुण्यांना वाढतात. पाट्याबिट्या नसतात, ज्याला माहीत त्याला माहीत. आन्चोननी खूण दिली होती, चर्चच्या मागची गल्ली, हिरवं दार. दोस्त गल्लीत शिरले तर हिरवी दारं चार.

"कुणाला तरी विचारूया का?" चेमा म्हणाला.

कोल्डो भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. "बिल्बाओचा माणूस सान सेबास्तियानमध्ये रस्ता विचारणार? मग मासा कसा खातात तेही विचारू की!" एवढ्यात एका उघड्या दारातून लसणाचा वास आणि हसण्याचा गलका आला. "हेच ते," असं म्हणून तो तडक आत घुसला.

आत कुणीही त्याला हटकलं नाही. कसं हटकणार? अनोळखी माणूस शेगडीपाशी दिसला की तो कुणाचा तरी पाहुणा, असं तिथे गृहीतच असतं. मधल्या लांब टेबलावर दहा-बारा जण बसले होते. सगळ्यांत मोठ्या मिशांचा गृहस्थ पाहून कोल्डोनं हात पसरले. "अखेर भेटलो! आता तुम्ही आम्ही एकाच घरातले!"

तो बिशेन्ते नावाचा म्हातारा कोळी होता आणि त्या दिवशी त्याचा सत्तरावा वाढदिवस होता. सफरचंदाच्या सायडरचे चार पेले त्याच्या पोटात गेले होते. दोस्तांनी आपल्यासाठी खास आचारी बोलावला, अशा समजुतीनं त्याचे डोळेच भरून आले. त्यानं कोल्डोला कडकडून मिठी मारली. टेबलावरच्या त्याच्या दोस्तांना वाटलं, बिशेन्तेनंच बोलावलं असेल. समोर फुकटचं पिलपिल होतंय म्हटल्यावर चौकशी कोण करतो?

कोल्डोनं कोट खुंटीला अडकवला, फोनही कोटातच राहिला. तेलात लसूण परतला, मासा कातडी वर करून मांडला आणि मंद आचेवर भांडं गोल गोल हलवायला सुरुवात केली. अर्धा तास तो हलवत होता. माशाचा चीक सुटला, तेलाशी एकजीव झाला आणि दाट, पिवळसर रस्सा तयार झाला. शेजारच्या शेगडीवरचे दोघे आपलं काम सोडून बघत उभे राहिले. कोल्डोची छाती फुगली. आयुष्यात इतकं सुरेख पिलपिल त्याला कधी जमलं नव्हतं.

बघता बघता भांड्यातला मासा संपला. मग पावानं भांडं पुसायची झोंबाझोंबी लागली.

"काय म्हणता मग?" कोल्डोनं विचारलं. "माझी पोर सुखात राहील ना तुमच्याकडे?"

"कुणाची पोर?" बिशेन्ते म्हणाला.

त्याच क्षणी चेमाचा फोन वाजला. मार्गाचा आवाज सगळ्या टेबलाला ऐकू गेला. "कुठे कडमडलाय तो? तीन वाजत आले! आठ माणसं नुसत्या पावासमोर बसलीयेत. आजूबाजूची टेबलं आमच्याकडे बघून हसतायत आणि इदोया रडायच्या बेतात आहे!"

कोल्डोनं रिकाम्या भांड्याकडे पाहिलं. बिशेन्तेला उलगडा झाला तसा तो पांढरा पडला. "अरे देवा! पोरीच्या सोयरिकीचं जेवण आम्ही गिळलं?" तो उठून गरजला, "उठा रे! माझं वाढदिवसाचं मांस उचला!"

समोरचंच हिरवं दार आन्चोन यांच्या मंडळाचं निघालं आणि त्यातून वरात आत शिरली. पुढे रिकामं भांडं घेतलेला कोल्डो, मागे भाजलेल्या गोमांसाची ताटं घेतलेले बारा अनोळखी म्हातारे. आन्चोन उभे राहिले. शिडशिडीत, करडा चेहरा, पांढरा शर्ट.

"गाडी बिघडली हो—" चेमानं सुरुवात केली.

कोल्डोनं त्याला हातानं थांबवलं. त्याला लाज वाटत होती, कान तापले होते. त्यानं इदोयाकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते. "गाडी नाही बिघडली," तो म्हणाला. "मी दार चुकलो. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. माझं चुकलं."

मार्गाच्या हातातला पेला कलंडला. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दोन तास समोर पडून असलेल्या पावाचा आन्चोननी तुकडा मोडला, भांड्याच्या कडेला चिकटलेला रस्सा त्या तुकड्यानं पुसून घेतला आणि डोळे मिटून चघळला. अख्खं मंडळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"असं आमच्याकडे कुणालाही जमत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि उरलेला पाव त्यांनी मुलाकडे सरकवला. "घे, चाखून ठेव. यापुढे सासुरवाडीला हेच मिळणार तुला."

इदोया रडता रडता हसायला लागली आणि बापाच्या गळ्यात पडली. मग मांस कापलं गेलं. बिशेन्तेनं लग्नाचं आमंत्रण स्वतःच स्वतःला देऊन टाकलं.

परतीच्या वाटेवर गाडीत कोल्डो रिकामं भांडं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला. दोस्तांना वाटलं, चला, माणूस सुधारला.

"बघितलंत ना?" शेवटी तो म्हणाला. "एका फटक्यात दोन मंडळं जेवली, पोरीचं लग्न ठरलं आणि सान सेबास्तियानकरानं सगळ्यांसमोर हार मानली. अरे, एवढी मोठी चूक करायलासुद्धा बिल्बाओचाच माणूस लागतो!"